थंडी द्राक्षाला बाधते, तशी टायरलाही

डिसेंबर उजाडला की नाशिक जिल्ह्यात सकाळची पहिली चौकशी पाऱ्याची होते. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किती अंशांची नोंद झाली, यावर द्राक्ष बागायतदारांचा दिवस ठरतो. पारा फारच घसरला की पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटतात, ठिबकमधून पाणी सोडले जाते. मण्यांची फुगवण थांबू नये, त्यांना तडे जाऊ नयेत, यासाठी ही धडपड असते. काही हिवाळ्यांत निफाडचा पारा ५ अंशांच्याही खाली उतरला आहे. गव्हाला ही थंडी मानवते, द्राक्षाला नाही. नाशिक शहरात त्याच पहाटे ८ ते १२ अंश तापमान असते आणि दुपारी दोन वाजता तेच तापमान २८-२९ अंशांवर गेलेले असते.

या थंडीचा विचार पीक, आरोग्य आणि शाळेच्या वेळा यांच्या संदर्भात होतो. गाडीखालच्या चार टायरांच्या संदर्भात तो सहसा होत नाही. साध्या हॅचबॅकच्या बाबतीत त्याने फार बिघडतही नाही. पण जास्त ताकदीच्या इंजिनांच्या, म्हणजे ‘परफॉर्मन्स’ गाड्या आता नाशिकमध्येही दिसतात. त्यांचे टायर वेगळे असतात. ते रुंद आणि बुटक्या बाजूंचे असतात. त्यांच्या रबराचे मिश्रण उन्हात, वेगात आणि वळणावर रस्ता घट्ट धरून ठेवण्यासाठी बनवलेले असते. युरोप-अमेरिकेत त्यांना ‘समर टायर’ म्हणतात.

अशा गाडीचे टायर बदलायची वेळ आली की मालक माहिती शोधू लागतो आणि पहिलाच नियम समोर येतो: तापमान ७ अंशांखाली गेले की समर टायर वापरू नका. म्युनिकला राहणारा एखादा भाऊ किंवा भाचाही तेच सांगतो. निफाडचा पारा तर ७ अंशांखाली जातो. मग नाशिकच्या गाडीला हिवाळी टायर हवेत का?

थोडक्यात उत्तर असे की, हिवाळी टायर नकोत. मात्र थंडीकडे दुर्लक्षही करून चालणार नाही. नाशिकसारख्या सौम्य हिवाळ्याच्या गावात टायर निवडताना थंडीचा धोका बर्फातून येत नाही. पहाट आणि दुपार यांच्या तापमानातील मोठी तफावत, हवेचा घटलेला दाब आणि जुने झालेले रबर यांतून तो येतो. या तिन्हींवरचा उपाय महागड्या टायरपेक्षा बराच स्वस्त आहे.

रबर आणि थंडी

रबर हा लांबच लांब रेणूसाखळ्यांचा गुंता असतो. पुरेशी ऊब असेल तर या साखळ्या हलतात, वळतात, एकमेकींवरून सरकतात आणि रबर लवचिक राहते. तापमान घसरते तशी ही हालचाल मंदावते आणि रबर ताठर होते. फारच खाली गेले तर ते काचेसारखे ठिसूळ बनते. नैसर्गिक रबर उणे ७० अंशांच्या आसपास या अवस्थेला पोहोचते. टायरमध्ये मिसळल्या जाणाऱ्या काही कृत्रिम रबरांत ही अवस्था त्याच्या बरीच आधी येते. मात्र काचेसारखे होण्याच्या कितीतरी आधीच रबराचा ताठरपणा वाढू लागलेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरी वस्तू उन्हाळ्यात चिकट होत आणि हिवाळ्यात तडकत. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवून पाहिले आणि या अडचणीवर तोड सापडली. रबराच्या साखळ्या गंधकाने एकमेकींना बांधल्या गेल्या. तरीही उन्हाळा आणि हिवाळा यांच्यातला रबराचा झगडा पूर्ण मिटला नाही. टायरचे मिश्रण ठरवणारे रसायनतज्ज्ञ आजही तोच झगडा सोडवत असतात.

रस्ता वरून सपाट दिसला तरी जवळून पाहिल्यास तो खडबडीत असतो. मऊ रबर खडीच्या बारीक उंचवट्यांभोवती दबते, खाचांत शिरते आणि चिकटते. टायरची पकड बरीचशी यातूनच तयार होते. रबर ताठर असेल तर ते उंचवट्यांच्या माथ्यांवरूनच सरकते. टायर दिसायला नवा असतो, नक्षी खोल असते, तरी पकड घटलेली असते.

रबराच्या या स्वभावाची जगाला सर्वांत मोठी किंमत मोजायला लावणारी घटना सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशातच घडली. फ्लोरिडात थंडी फारशी पडत नाही. २८ जानेवारी १९८६ची सकाळ अपवाद होती. उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान साधारण २ अंश होते. चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. बूस्टर रॉकेटच्या जोडातील रबरी कडी थंडीने ताठरली होती आणि फट वेळेत बुजवू शकली नाही. चौकशी आयोगातील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा चिमट्यात दाबलेला तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. चिमटा काढल्यावर तुकडा लगेच मूळ आकारात आला नाही. ते रबर तुटलेही नव्हते आणि गोठलेही नव्हते, ते फक्त मंद झाले होते. थंड सकाळी टायरच्या रबरातही हाच मंदपणा येतो. अर्थात तो खूपच सौम्य असतो आणि टायर फिरू लागला की हळूहळू जातो.

७ अंशांचा नियम

७ अंश ही टायर उद्योगाने ग्राहकांना लक्षात राहावी म्हणून दिलेली सोयीची खूण आहे. ७.५ अंशांवर टायर सुरक्षित आणि ६.५ अंशांवर धोकादायक, असे काही होत नाही. पकड हळूहळू कमी होते आणि किती कमी होते हे मिश्रणावर अवलंबून असते. मिशेलिन कंपनीने १९९२ मध्ये सिलिका मिसळलेले टायर बाजारात आणले. नंतर हे तंत्र सर्वत्र रुळले. सिलिकामुळे गार आणि ओल्या रस्त्यावरची पकड सुधारली. त्यामुळे आजचा चांगला समर टायर ८-१० अंशांच्या कोरड्या रस्त्यावर निकामी होत नाही. सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्ये तो सुस्त असतो, इतकेच.

वेगळी गोष्ट आहे ती शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेल्या ‘सेमी-स्लिक’ टायरची. रस्त्यावर चालवायला परवानगी असली तरी त्यांचे रबर तापल्यावरच खरे काम करते. त्यांच्यावर खाचा कमी असतात आणि त्यांची खोलीही कमी असते. असे काही टायर शून्याखालील तापमानात वापरू किंवा हलवूही नयेत, कारण रबराला चिरा पडू शकतात, असा इशारा कंपन्याच देतात. नाशिकमध्ये तेवढी थंडी पडत नाही. पण जानेवारीतील सकाळी सहाचा गंगापूर रोड किंवा जुलैतील कसारा घाट, यांपैकी कोणतीही जागा सेमी-स्लिकसाठी नाही.

म्युनिकचा सल्ला नाशिकला का लागू नाही

जर्मनीत ‘ओ ते ओ’ अशी म्हण आहे. ऑक्टोबरपासून ओस्टर्न म्हणजे ईस्टरपर्यंत हिवाळी टायर लावावेत, असा तिचा अर्थ. कायद्यात मात्र तारखा नाहीत. रस्त्यावर बर्फ, हिम, चिखलबर्फ किंवा गोठलेले दव असेल तर योग्य टायर हवेत, असे कायदा सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून तेथे तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण, असे चिन्ह असलेले टायरच हिवाळी म्हणून धरले जातात.

अशा टायरचे रबर मुद्दाम थंडीत मऊ राहील असे केलेले असते. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात आणि त्या बर्फ पकडतात. हाच टायर नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, ४० अंशांच्या आसपासच्या हवेत आणि त्याहून बऱ्याच तापलेल्या काँक्रीटवर चालवला तर काय होईल? मऊ ठोकळे चाकाखाली लवू लागतील, स्टिअरिंगला प्रतिसाद उशिरा मिळेल, ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागेल आणि टायर भराभर घासला जाईल. वर्षातील मोजक्या पहाटांच्या सोयीसाठी उरलेले वर्ष असुरक्षित करणे हा घाट्याचा सौदा आहे. एखाद्याला जानेवारीत मनालीला स्वतःच्याच गाडीने जायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हिमकणाचे चिन्ह असलेले टायर किंवा चाकाला लावायच्या साखळ्या यांचा विचार करावा लागेल.

नाशिकच्या टायरला बारा महिन्यांत तीन परीक्षा द्याव्या लागतात. मार्च ते मे हा कडक उन्हाळा, जून ते सप्टेंबर हा पाऊस आणि डिसेंबर-जानेवारीत गार पहाट. यांत सर्वांत कठीण परीक्षा पावसाची असते. हिवाळाही कोरडाच राहील याची खात्री नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपिटीने द्राक्षबागांची दाणादाण उडवली, तेव्हा रस्ते गार आणि ओले दोन्ही होते. ऊस आणि भाजीपाल्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांसोबत शेतातली माती डांबरावर येते. त्यावर पहाटेचे दव पडले की सायाचा पातळ थर तयार होतो. म्हणून नाशिकमध्ये टायर निवडताना ‘थंडीत कसा?’ या प्रश्नाआधी ‘ओल्यात कसा?’ हा प्रश्न विचारावा. ओल्या रस्त्यावर ज्याची पकड चांगली, तो नाशिकच्या थंडीतही सहसा समाधानकारक चालतो.

पहाटे हरवलेले ३ पीएसआय

थंडीचा जास्त ठोस परिणाम रबरापेक्षा आतल्या हवेवर होतो. बंद जागेतील वायू थंड झाला की त्याचा दाब घटतो. साधा हिशेब असा की, दर ५ ते ६ अंशांमागे मोटारीच्या टायरचा दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो.

एखाद्याने दुपारी, हवेत २९ अंश असताना पंपावर ‘तेहतीसची हवा’ भरून घेतली. रात्री गाडी उघड्यावर राहिली आणि सकाळी सहाला पारा १० अंशांवर आला. पंक्चर नाही, गळती नाही, तरी टायरमध्ये आता सुमारे ३० पीएसआयच आहेत. दुपारी हवा भरताना टायर चालून तापलेले असतील तर पहाटेचा आकडा याहूनही खाली असेल. मे महिन्यात भरलेली हवा तशीच राहिली असेल तर अवस्था आणखी वाईट. मेमधील पहाट २३-२४ अंशांची असते, जानेवारीतील १० अंशांची. त्यात चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा आपोआप झिरपते.

गाडीतील दाबदर्शक दिवा लागेल, या भरवशावर राहता येत नाही. दाब नेमलेल्या आकड्याच्या २० ते २५ टक्के खाली गेल्यावर बहुतेक यंत्रणा इशारा देतात. ३३ चे ३० होणे म्हणजे साधारण ९ टक्के घट. दिवा शांत राहतो.

बुटक्या बाजूंच्या टायरला ही घट जास्त जाणवते. टायरची बाजू जेमतेम ९-१० सेंटिमीटर उंच असते. खड्ड्यात आपटताना हवाच रिमला वाचवते. ती कमी असेल तर रिम वाकते किंवा बाजूच्या पडद्यातील दोरे तुटून टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

दुसरा धोका पाण्याचा आहे. साचलेल्या पाण्यावर एका वेगानंतर टायर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. १९६०च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून दाखवले की हा वेग टायरमधील दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्यांच्या सूत्राने ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो, २८ पीएसआयला सुमारे ८८. मोटारीत नक्षीची खोली आणि टायरची रुंदी यांमुळे आकडे बदलतात. रुंद टायर तर आणखी लवकर तरंगतो. दिशा मात्र तीच राहते: हवा कमी, तर धोका लवकर.

तिसरा धोका दुपारचा. पहाटे कमी हवेने निघालेली गाडी इगतपुरीहून समृद्धी महामार्गावर चढते. तेथे सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. काँक्रीट सरळ आहे आणि थांबे कमी आहेत. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, जास्त तापते आणि ती उष्णता साठत जाते. टायर फुटण्यामागे हे एक नेहमीचे कारण असते.

नायट्रोजन भरल्याने हा प्रश्न सुटतो का? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, हे त्याचे फायदे आहेत. पण थंडीने दाब घटण्याचा नियम त्यालाही तसाच लागू होतो. नायट्रोजन भरला म्हणून दाब तपासणे सोडले तर फायद्याऐवजी तोटाच होईल.

उपाय सोपा आहे. दाब गार टायरचाच मोजायचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. त्यासाठी घरी एक दाबमापक ठेवावा. दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत कंपनीने लिहिलेला आकडा पाहावा आणि डिसेंबर-जानेवारीत दर पंधरा दिवसांनी पहाटे तेवढी हवा आहे ना, हे पाहावे. दुपारी तोच दाब ३-४ पीएसआयने वाढलेला दिसेल. तो तसाच असायचा असतो. तापलेल्या टायरमधून हवा काढू नये.

टायरवर काय वाचावे

दुकानात ब्रँडवर चर्चा होते, टायरवरच्या अक्षरांवर कमी. समजा टायरवर ‘२२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू’ असे लिहिले आहे. २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ४५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के. १७ हा रिमचा इंचांतील व्यास. ९४ हा भारांक आहे, म्हणजे एक टायर ६७० किलो पेलतो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता. तेवढा वेग भारतात कुठेच कायदेशीर नाही, मग हे अक्षर कशाला, असे वाटू शकते. पण ते उष्णता सोसण्याची ताकदही सांगते. म्हणून कंपनीने दिलेल्या भारांकाच्या आणि वेगाक्षराच्या खाली उतरू नये.

रिम मोठी करण्याचा मोह परफॉर्मन्स गाडीवाल्यांना हमखास होतो. वरच्या मापाऐवजी २२५/४० आर १८ लावले तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो. पण टायरची बाजू १०१ मिलिमीटरवरून ९० वर येते. हे कमी झालेले ११ मिलिमीटर खड्ड्यात जाणवतात.

अनेक टायरवर ‘ट्रेडवेअर’ हा आकडा आणि ‘ट्रॅक्शन’, ‘टेम्परेचर’ ही अक्षरे असतात. ट्रेडवेअरचा आकडा मोठा, तर टायर जास्त टिकाऊ. आकडा लहान, तर रबर बहुधा मऊ आणि चिकट. ही चाचणी कंपन्या स्वतः करतात, त्यामुळे दोन ब्रँडची तुलना जपून करावी. ट्रॅक्शन हे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारण्याचे मोजमाप आहे. एए ही सर्वोत्तम श्रेणी. टेम्परेचरमध्ये ए सर्वोत्तम. नाशिकसाठी ट्रॅक्शन ए किंवा एए आणि टेम्परेचर ए ही वाजवी अपेक्षा ठरेल. भारतातही २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने टायरसाठी ओल्या रस्त्यावरील पकड, लोळण-अवरोध आणि आवाज यांची किमान मानके लागू करण्याची अधिसूचना काढली. त्यामुळे ओल्यातील पकड ही आता फक्त जाहिरातीची गोष्ट उरलेली नाही. टायरवर आयएसआय चिन्ह आहे का, तेही पाहावे.

न झिजलेला म्हातारा टायर

परफॉर्मन्स गाडी अनेकदा रोजच्या वापरात नसते. ती रविवारी निघते, वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालते. पाच-सहा वर्षांनी पाहिले तर नक्षी खोल असते आणि मालक म्हणतो, ‘टायर अजून नवीनच आहेत.’ रबर मात्र चालले नाही तरी म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी ते कडक होत जाते. त्याचा मऊपणा देणारे घटक कमी होतात आणि बाजूंवर बारीक भेगा दिसू लागतात. अशा टायरला थंड पहाट दुप्पट बाधते. रबर आधीच कडक, त्यात पारा १० अंशांवर.

हॉलिवूड अभिनेता पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात अपघातात गेला. मित्र चालवत असलेल्या पोर्शे करेरा जीटीमध्ये तो बसला होता. बेफाम वेग हे अपघाताचे कारण असल्याचे तपासात ठरले. गाडीचे टायर ९ वर्षे जुने होते आणि त्यामुळे गाडीचे नियंत्रण उणावले असावे, हेही तपास यंत्रणांनी नमूद केले. पैशाची कमतरता नव्हती. टायरच्या वयाकडे मात्र कोणी पाहिले नसावे.

वय पाहणे अवघड नाही. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. ‘३८२३’ म्हणजे २०२३ च्या ३८ व्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असली तरी बदल, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. नाशिकचा उन्हाळा आणि गाडीची ताकद पाहता दहा वर्षे वाट न पाहणेच बरे. भारताने जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन आणले. परफॉर्मन्स गाड्यांची काही मापे बाहेरूनच येतात. अशी मापे सहज मिळत नाहीत आणि दुकानात पडून राहिलेला माल ‘नवीन’ म्हणून पुढे येऊ शकतो. पैसे देण्याआधी चारही टायरवरचे चार अंक वाचावेत.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेतील छोट्या उंचवट्यांपर्यंत रबर घासले की ही मर्यादा आली असे समजावे. पावसाळ्याचा विचार केला तर ३ मिलिमीटरलाच नवे टायर पाहायला सुरुवात करणे शहाणपणाचे. समृद्धी महामार्गावर गोटा झालेल्या टायरच्या गाड्या तपासणीत माघारी पाठवण्याच्या मोहिमा परिवहन विभागाने केल्या आहेत. टायरचा धोका फक्त आत बसलेल्यांपुरता नसतो, हेच त्यामागचे कारण आहे.

दहा टक्के पकड कमी म्हणजे किती?

थंड, जुन्या किंवा कमी हवेच्या टायरने पकड दहा टक्क्यांनी कमी झाली, असे समजू. ऐकायला हे फार वाटत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून साधारण ४४ मीटरमध्ये थांबते. दहा टक्के कमी पकडीवर तिला सुमारे ४९ मीटर लागतात. फरक ५ मीटरचा, म्हणजे एका गाडीच्या लांबीहून थोडा जास्त. पण जिथे पहिली गाडी पूर्ण थांबलेली असते, तिथे दुसरी अजून ताशी जवळपास ३२ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. शहरात ताशी ६० वेगाने हाच हिशेब केला तर उरलेला वेग ताशी १९ किलोमीटर येतो.

त्या ५ मीटरमध्ये कोण असेल? हिवाळ्यातील पहाटे सहा-साडेसहाला नाशिकच्या रस्त्यांवर फिरायला निघालेले ज्येष्ठ, दूध आणि वृत्तपत्रे टाकणारी मुले, सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीला निघालेले सायकलस्वार कामगार असतात. अंधार आणि कधी धुके असते. गाडीतल्या माणसाभोवती एअरबॅग आणि पोलाद असते, चालणाऱ्याच्या अंगावर स्वेटर असतो. गाडीतील एबीएस आणि इतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चाक घसरू देत नाहीत, पण उपलब्ध पकडीपेक्षा जास्त पकड त्या निर्माण करू शकत नाहीत. पकड देणारी जागा चार चाकांखालची आणि प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढी.

मग घ्यावा कोणता?

रोज किंवा शनिवार-रविवार रस्त्यावरच चालणाऱ्या परफॉर्मन्स गाडीला नाशिकमध्ये ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला समर वर्गातील टायर बारा महिने पुरतो. त्यासाठी वेगळा हिवाळी संच नको. ज्याला वेगापेक्षा आराम आणि टिकाऊपणा हवा, त्याने टूरिंग प्रकारचा टायर घ्यावा. तो वळणावर थोडा कमी धारदार वाटेल, पण खड्डे जास्त सोसेल. सेमी-स्लिक ट्रॅकसाठीच ठेवावेत. चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. चारही चाकांचे माप सारखे असून दोनच बदलणे शक्य असेल तर नवे दोन मागे लावावेत, गाडीचे चाक पुढे असो वा मागे ओढणारे असो. मागची पकड आधी सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि ती सावरणे बहुतेकांना जमत नाही. नवे टायर बसवताना अलाइनमेंट-बॅलन्सिंगही करून घ्यावे.

गार पहाटे निघाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे टायरला ऊब येऊ द्यावी. एकदम ॲक्सिलरेटर दाबणे, वळणावर वेग, शेवटच्या क्षणी ब्रेक हे तेवढा वेळ टाळावे. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत हे विशेष पाळावे. पुढच्या गाडीपासूनचे अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवावे.

आणि कुंदेवाडीचा पारा एक अंकी झाल्याची बातमी वाचली की त्याच सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, चारही टायरला दाबमापक लावून पाहावा. या कामाला पाच मिनिटे लागतात.